वैशाखातलं साडेचार परस पाणी

शिरपूरहून सातपुड्याच्या अंगाला निघालं की बोरपिंपळी लागतं. त्या गावात विहिरी घरटी एक म्हणाव्यात इतक्या होत्या, पण सरकारी नंबर असलेली विहीर एकच, आणि ती चुडामणची. घराच्या मागच्या बाजूला, खळ्याच्या कडेला. काठाच्या दगडावर पांढऱ्या रंगात नंबर आणि त्याखाली एक बाण. भूजलवाल्यांनी एवढ्या विहिरींतून हीच का निवडली याला काही शास्त्र असेलही. गावात मात्र असं बोललं जाई की पहिल्यांदा आलेल्या साहेबाला तहान लागली होती आणि चुडामणच्या बायकोनं, तानुबाईनं, त्याला ताक दिलं. चुडामणला दोन्ही कारणं मान्य होती. कोणी विहिरीच्या काठावर पाय ठेवून चूळ भरली तर तो ओरडायचा, "अरे, उतर तठून! हाई मन्ही नही, सरकारनी विहीर शे!"

या विहिरीचं माप घ्यायला धुळ्याहून युसूफ यायचा. वर्षातून चार वेळा: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. शिरपूरपर्यंत एस.टी., पुढं भाड्याची सायकल, पाठीला पिशवी, पिशवीत पोलादी टेप आणि खडूचा तुकडा. टेपच्या टोकाला हातभर खडू घासायचा, बाणाच्या जागेवरून टेप विहिरीत सोडायची, पाण्याला लागली की वर ओढायची. खडू जिथवर भिजला तिथवर पाणी. साधं काम. पण युसूफ ते असं करायचा की बघणाऱ्याला वाटावं, सोनं तोलतोय. एकदा माप घेतल्यावर पुन्हा एकदा घ्यायचा, दोन्ही जुळल्याशिवाय कागदावर आकडा मांडायचा नाही. टेपचं वरचं टोक धरायचा मान चुडामणचा. दहा वर्षांत त्यानं तो दुसऱ्या कुणाला दिला नव्हता.

एकदा त्यानं युसूफला विचारलं होतं की या मापाचं तुम्ही करता काय. युसूफ धुळ्याच्या मोगलाईतला, बाप यंत्रमागावर राबलेला, बोलणं मोजकं. तो म्हणाला, "आबा, एका मापाला काही किंमत नाही. तीच विहीर, तोच दगड, तोच महिना, असं वर्षानुवर्षं घेत गेलं की मग कळतं, जमिनीखालचं पाणी कुठं चाललंय. तालुक्यातल्या सगळ्या विहिरींची मापं धुळ्याला एकत्र होतात. त्यांवरून वरचे लोक ठरवतात, पाझर तलाव कुठं बांधायचा, कुठं नाही."

"म्हंजे मन्ही विहीर बोरपिंपळीनी साक्षीदार शे!" चुडामण म्हणाला होता. युसूफ हसला होता. त्या दिवसापासून चुडामण गावात ते वाक्य ज्याला त्याला ऐकवत फिरला. लोक कंटाळले, पण तो नाही कंटाळला.

साक्षीदार सांगत होता ते मात्र काही चांगलं नव्हतं. गावात केळी वाढली, केळीमागं बोअर आले, आणि विहिरींचं पाणी दर उन्हाळ्यात थोडं आणखी खाली बसू लागलं. सलग चार वर्षं मे महिन्यातलं माप मागच्यापेक्षा खोल. ब्याण्णव सालच्या मे महिन्यात टेप एकोणीस मीटर गेली तेव्हा पाणी लागलं. गावच्या मापात, म्हणजे एक परस उभ्या माणसाएवढा धरून, सांगायचं तर दहा परसांच्याही खाली. घागर वर येईपर्यंत तानुबाईचे हात भरून यायचे.

आता चुडामणचा मुलगा अभिमन लग्नाचा झाला होता. मुलगा निर्व्यसनी, अंगानं धट्टाकट्टा, शेतात राबणारा. पण आमच्या खानदेशात मुलगी देणारा बाप आधी मुलाकडं बघत नाही, विहिरीकडं बघतो. आणि बघतो तेही उन्हाळ्यात, मुद्दाम. पाव्हणे येतात, पाणी पितात, आणि कुणीतरी सहज म्हटल्यासारखं म्हणतं, चला, जरा मळा पाहू. मग मुलीचा मामा विहिरीच्या काठावर उभा राहतो, खिशातून आधीच आणलेला खडा आत टाकतो आणि कान देतो. खडा लगेच वाजला तर सुपारी फुटते. बराच वेळ वाजला नाही तर पाव्हण्यांना अचानक एस.टी.ची वेळ आठवते. अभिमनची तीन स्थळं अशी खड्यावरून परत गेली होती.

बोरपिंपळीनं यावर इलाज काढलेला होता आणि तो सगळ्या गावाला ठाऊक होता. ज्याच्या घरी पाव्हणे यायचे त्याच्या विहिरीत दुसऱ्याच्या बोअरचं पाणी सोडायचं. लग्नसराईत पातेली-पराती घरोघर फिरतात तसे प्लास्टिकचे पाइप फिरायचे. खालची जमीन गाळाची, ओतलेलं पाणी बघता बघता मुरायला लागायचं. म्हणून पाव्हणे येईपर्यंत धार चालू ठेवायची. एस.टी.च्या थांब्यावर एक माणूस उभा करायचा, त्यानं टोपी हलवली की पाइप ओढून कडब्याखाली लपवायचा. चुडामण स्वतः दोन-तीन घरांसाठी टोपी हलवायला उभा राहिलेला होता आणि घरी येऊन पोट धरून हसलेला होता. फसवणूक म्हणून कुणी त्याकडं पाहतच नव्हतं. पाव्हण्यांसाठी आपण दुसऱ्याच्या घरची गादी आणून घालतोच की, तसं पाणी, असं लोक म्हणायचे.

त्र्याण्णवच्या मे महिन्यात तापीकाठच्या गावचे बन्सीलाल मुलगी देण्याच्या विचारानं यायचे ठरले. मुलीचं नाव पुष्पा. तानुबाईनं नवऱ्याला सांगितलं, "हाई स्थळ गयं ना, तर मी माहेर चालनी जासू." ती काही जाणार नव्हती. पण शेजारच्या झुलालनं आपणहून पाइप आणून टाकले. दोन दिवस त्याचा बोअर चुडामणच्या विहिरीत चालला, त्याची केळी तेवढे दिवस कोरडी राहिली. झुलालचंही एक पोरगं, गिरधर, लग्नाला आलेलं होतं. पुढं आपल्यालाही गरज पडणार हे तो जाणून होता.

बन्सीलाल, मुलीचा मामा आणि आणखी दोघं एस.टी.तून उतरले. टोपी हलली. पाइप कडब्याखाली गेले. चहा झाला, शेव-चिवडा झाला, मळा पाहू म्हणून मंडळी मागच्या खळ्यात आली, मामानं खडा टाकला आणि तो लगेच वाजला. चुडामणच्या छातीवरचं ओझं उतरलं. इथंच गोष्ट संपली असती तर ती बोरपिंपळीतल्या इतर दहा गोष्टींसारखीच झाली असती.

तेवढ्यात पुढल्या दारी सायकलची घंटी वाजली. युसूफ आला होता. मे महिन्याचं माप होतं.

चुडामणला घाबरायला हवं होतं. तो घाबरला नाही, उलट त्याला चेव आला. त्यानं युसूफला हाताला धरून खळ्यात आणलं आणि पाव्हण्यांना ओळख करून दिली, "ह्या धुळाना युसूफभाई. सरकारना मानूस. मन्ही विहीरनं माप लेतस, आपली विहीर सरकारना दप्तरमा शे." बन्सीलालनं राम राम घातला. युसूफ पिशवी खाली ठेवत म्हणाला, "तुमचं कार्य चाललंय आबा, मी संध्याकाळी येतो. तोवर पुढच्या गावचं माप उरकतो."

तो खरंच निघाला होता. सायकलचा दांडा त्यानं धरला होता. आणि चुडामण म्हणाला, "नही नही. आत्तेच माप लावा युसूफभाई. पाव्हनासले बी दखू द्या!"

हे वाक्य त्याच्या तोंडून कुणी काढून घेतलं नव्हतं. पुढं कित्येक महिने हेच त्याला टोचत राहिलं. पाणी झुलालनं दिलं, रीत गावानं पाडली, पण ते वाक्य निव्वळ त्याचं होतं. भरपेट जेवून ढेकर द्यावी तसं त्यानं ते ऐटीत म्हटलं होतं.

युसूफनं टेपला खडू घासला. चुडामणनं मानानं वरचं टोक धरलं. टेप थोडीशी गेली आणि लागली. युसूफनं ओढून पाहिलं, पुन्हा खडू घासला, पुन्हा सोडली. दोन्ही मापं जुळली. त्याच्या कपाळावर आठी आली.

"किती?" बन्सीलालनं विचारलं.

"आठ मीटर दहा."

"म्हंजे कितला परस?"

"साडेचार," चुडामण म्हणाला.

बन्सीलाल मामाकडं वळला. "वैशाखमा साडेचार परस!" त्याचा आवाज बदललेला होता. आतापर्यंत तो भल्या माणसानं रीत पाळावी तसा बघत होता, आता खरंच बघायला लागला. मंडळी बोलत बोलत घराकडं वळली. युसूफ मागं राहिला, चुडामणही राहिला. युसूफ हलक्या आवाजात म्हणाला, "आबा, मागच्या वर्षी एकोणीस होतं. पाऊस तर कमीच झाला. हे पाणी विहिरीचंच आहे ना?"

पाव्हणे दारापर्यंत पोचले होते, पण ऐकू जाईल इतक्या अंतरावर होते. निदान चुडामणनं स्वतःची तशी समजूत घातली. "मन्ही विहीरमा शे ते मन्हंच पानी शे ना भाऊ," तो म्हणाला आणि हसला.

"मला संशय असेल तर बाजूला शेरा मारता येतो. मग हे माप धरत नाहीत. एक सांगा फक्त, आणखी काही विचारत नाही."

"लिखा हो, बिनधास लिखा."

युसूफनं पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाला, "तुमचा शब्द आहे तर लिहितो." आणि त्यानं शेरा न मारता आकडा मांडला. दहा वर्षं ज्याच्या हातचा चहा प्यायला, ज्यानं टेपचं टोक कधी हललं तरी आपणहून सांगितलं, त्याच्या शब्दावर आणखी काय विचारायचं? संध्याकाळी सुपारी फुटली.

पावसाळा बेताचाच गेला. दिवाळीच्या आधी शाळेच्या पडवीत बैठक भरली. तालुक्यात पाझर तलावांची कामं निघणार होती, आणि बोरपिंपळीच्या वरच्या नाल्यावर एक तलाव होईल अशी आशा गावाला दोन वर्षं लागून राहिली होती. तो झाला असता तर खालच्या विहिरी हळूहळू वर आल्या असत्या. पाइप फिरवायची पाळीच आली नसती. धुळ्याहून एक साहेब आले होते, त्यांच्यासोबत युसूफ होता. भिंतीवर टांगलेल्या मोठ्या कागदावर तालुक्यातल्या विहिरींच्या रेषा काढलेल्या होत्या. साहेब माणूस सरळ होता. त्यानं सांगितलं, "पैसा थोडा आहे, गावं पुष्कळ आहेत. म्हणून जिथं मे महिन्यातली पातळी पाच वर्षं सलग खाली गेलीय, ती गावं आधी. तुमच्या गावची चार वर्षं गेलीय. पण यंदा एकदम वर आलीय." त्यानं बोट ठेवलं. खाली खाली उतरत आलेली रेषा शेवटी उडी मारून वर गेली होती.

पडवीत सगळं गाव होतं. ज्यांनी पाइप दिले ते होते, ज्यांनी टोपी हलवली ते होते, ज्यांच्या विहिरी याच रीतीनं भरून सुना आल्या ते तर सगळेच होते. त्या रेषेनं उडी का मारली हे बठ्ठ्या गावाला ठाऊक होतं, साहेब आणि युसूफ सोडून.

साहेबानं स्वतःच विचारलं, "हे माप चुकीचं असायचं काही कारण? विहिरीत बाहेरचं पाणी आलं होतं का? कॅनॉल, पाइपलाइन, काहीही? आत्ता सांगितलं तर मी हे माप काढून टाकतो. मग चार वर्षांच्या घसरणीवरही तुमचं गाव यादीत वर येतं."

किती सोपं करून विचारलं त्यानं! कुणी शिक्षा देणार नव्हतं, कुणी रागावणारही नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं की होय, आलं होतं. चुडामणची जीभ हललीसुद्धा. तेवढ्यात शेजारी बसलेल्या झुलालनं त्याच्या मांडीवर हात ठेवला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, "बोलू नको रे. तुन्हा पोऱ्यानं लगीन पुढला महिनामा शे. अन् मन्हा गिरधरनं बी जमाडनं शे औंदा. एकदाव बोंब व्हयनी ना, तर हाई गावले कोनी पोर देवाव नही."

खरंच होतं ते. पडवीतली गोष्ट दुसऱ्या दिवशी तापीकाठी पोचली असती. चुडामणनं खाली पाहिलं आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसला. समोर बघायची त्याची छाती झाली नाही, कारण समोर युसूफ उभा होता. तो सगळ्या पडवीकडं एकदा बघून घेऊन भिंतीवरचा कागद सरळ करायला वळला. चोरट्या नजरेनं पाहिलेल्या त्या वळण्यातूनच चुडामणला कळलं की याला समजलं. दुसऱ्याच्या लबाडीपायी हा माणूस आपल्याच कागदासमोर खाली मान घालून उभा आहे आणि त्याला कारण आपण, हे चुडामणच्या काळजात घुसलं. साहेब म्हणाले, "बरं, मग पुढचं गाव."

तलाव शेजारच्या गावाला मिळाला. हिवाळ्यात काम निघालं आणि बोरपिंपळीचेच मजूर त्या तलावाच्या भरावावर माती टाकायला जाऊ लागले. सकाळी फावडी-घमेली घेऊन ते चुडामणच्या दारावरून जायचे. कुणी टोमणा मारला नाही. टोमणा मारण्याइतकं स्वच्छ तोंड गावात कुणाचंच नव्हतं.

लग्न झालं, पुष्पा घरी आली. शांत मुलगी. तापीच्या काठी वाढलेली, नदीवर धुणं धुतलेली, दोन बादल्या पाण्यानं अंघोळ करायची सवय असलेली. होळीपर्यंत विहिरीनं कसंबसं निभावलं, मग तळ दिसायला लागला. पुष्पा सकाळ-संध्याकाळ झुलालच्या बोअरवर हंडे घेऊन जायला लागली. तिथं बायकांची रांग असायची. सासू तिच्यासोबत जायची, पण तानुबाईचे गुडघे धरायचे, म्हणून बऱ्याचदा सूनच एकटी. जानेवारी-मार्चची मापं युसूफ कामापुरतं बोलून घेऊन गेला, टोक चुडामणनंच धरलं.

चुडामण तिच्या परत येण्याच्या वेळेला ओट्यावर बसेनासा झाला. हंडा डोक्यावर, कमरेवर कळशी, पदर भिजलेला, असं ती दारातून आत येई तेव्हा तो गोठ्यात जाऊन बैलांना उगाच थोपटत राही. बैलांनाही त्याचा कंटाळा आला असेल. लाज वाटते म्हणून माणूस तोंड लपवतो, पण एकाच घरात किती लपवणार? जेवायला बसलं की ती तांब्या आणून ठेवी आणि त्याला ते पाणी प्यायचा धीर होत नसे. ती मात्र कधी एक अक्षर बोलली नाही. बोलली असती, भांडली असती, माहेरी निघून गेली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली. अखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातात, निंबाला झोके बांधले जातात, आणि पहिल्या अखाजीला तर बाप स्वतः न्यायला येतो. बन्सीलालचा निरोप आला की अमुक दिवशी येतो. त्याच्या आदल्या सकाळी चुडामण गोठ्यात होता, तिथं पुष्पा आली. पदर नीट करून, खाली बघत उभी राहिली.

"आबा, एक सांगू का?"

"सांग माय."

"सकाय नाना येतीन. ते आज झुलालआबाकडथून पाइप लई या. नाना येवाना पह्यले विहीर भरी ल्या."

चुडामणच्या हातातला कडबा तसाच राहिला. "तुले कोनी सांगं?"

"रांगमधली बेबाबाईनी. बोअरवर बठ्ठ्या सांगतस. हसतस. पुष्पा, तुले आमनं पानी दखाडीसन आनेल शे, अशी म्हनतस." ती अजूनही खालीच बघत होती. "माले काही नही वाटत, आबा. पन नाना कोल्ली विहीर दखतीन. घर जाईसन मायले सांगतीन, ती रडी. एक दिनना सवाल शे."

जमिनीत गडप व्हावं असं चुडामणला झालं. तो पाव्हण्यांशी खोटं बोलला, युसूफशी बोलला, गावाशी न बोलता बोलला. आणि आता त्या खोट्याची जिला झळ लागली तीच मुलगी स्वतःच्या बापाला फसवायला निघाली होती, आणि तेही त्याची अब्रू राखायला. पाच-सहा महिन्यांत त्यानं तिला हे शिकवलं होतं.

"नही," तो म्हणाला. "आते नही भरनी."

दुसऱ्या दिवशी बन्सीलाल आला. चहा झाला, शेव-चिवडा झाला. चुडामणला बसवेना. तो उठला आणि म्हणाला, "चला नाना, विहीर दखाडस." बन्सीलाल चमकला, कारण एकदा मुलगी दिल्यावर विहीर कुणी दाखवत नाही. दोघं मागच्या खळ्यात गेले. विहिरीच्या तळाशी थोडा चिखल होता आणि त्यात एक बेडूक. चुडामण काठाला धरून उभा राहिला.

"मी तुमले फसाडं नाना. त्या दिन पानी झुलालना बोअरनं व्हतं."

बन्सीलाल रागावेल, ओरडेल, मुलीला घेऊन निघून जाईल, याची तयारी त्यानं केली होती. बन्सीलाल आत बघत राहिला आणि म्हणाला, "ते माले तव्हयच समजनं व्हतं."

"काय?"

"विहीर ते बठ्ठाच भरतस. आमना गावमा बी भरतस. मन्हा पोऱ्यानं जमाडतांना मी बी भरेल शे. तुमना कडबाखाले पाइपनं टोक दिसत व्हतं. मामानी खडा टाका तव्हय माले हसू उनं." तो चुडामणकडं वळला. "मी मनमा म्हनत व्हतू, घर चांगलं शे, पन पानी नही, दुसरं स्थळ दखू. तेवढामा तो टेपवाला मानूस उना. मी म्हनं, हाऊ सरकारना मानूस, धुळाना, जातपात अलग. याले पोर देनी नही, पोऱ्यानं जमाडनं नही. हाऊ कसाले खोटं बोली? त्यानी साडेचार परस सांगं, अन् माले वाटनं, पाइप हौसना व्हई, पानी खरंच शे. तव्हय मी व्हई म्हनं."

चुडामणची नजर काठावरच्या पांढऱ्या बाणावर गेली.

"त्यानी तुमले इचारं नही का?" बन्सीलालनं विचारलं.

"इचारं व्हतं."

बन्सीलालनं मान हलवली. तो चिडला नाही. खाली वाकून त्यानं काठावरची धूळ हातानं झाडली आणि म्हणाला, "मंग त्या बिचाराना शब्द तुम्ही खाई टाका." एवढं बोलून तो घराकडं चालू लागला.

चुडामण तिथंच उभा राहिला. पाण्यापायी फसवलं असं त्याला आजवर वाटत आलं होतं, आणि पाण्याचं पाप गावानं वाटून घेतलं होतं. युसूफचा शब्द मात्र गावानं खाल्ला नव्हता, तो त्यानं एकट्यानं खाल्ला होता. जगात एक माणूस असा होता की ज्याला कुणाचंच काही लागत नव्हतं, म्हणून सगळे त्याच्यावर विसंबले. बन्सीलाल विसंबला, साहेब विसंबले. त्या माणसाच्या तोंडून चुडामणनं खोटं वदवलं, आणि टेपचं टोक धरून उभा राहिला.

पुष्पा निघाली. लुगडं बदललेलं, हातात पिशवी. सासूच्या पाया पडली, मग चुडामणच्या. उभी राहून म्हणाली, "आबा, युसूफभाई कव्हय येनार शेतस?"

"अखाजीना मांगे. आठ-दहा दिनमा."

"मी त्याना पह्यले येसू." मग आणखी हळू आवाजात, आजारी माणसाला पथ्य सांगावं तशी, ती म्हणाली, "माप मी लेवाडसू. तुम्ही नका येज्यात तठे. घरमाच बठज्यात."

बन्सीलाल बाजूलाच होता. तानुबाई होती, अभिमन होता. कुणी मध्ये पडलं नाही. "बरं माय," चुडामण म्हणाला.

ती बोलल्याप्रमाणं आली. अखाजीनंतर आठवड्यानं एका दुपारी सायकलची घंटी वाजली. युसूफनं दारातून सलाम केला, पुष्पानं त्याला मागच्या खळ्यात नेलं. चुडामण आत खाटेवर बसून राहिला. तानुबाई म्हणाली, "जा ना तुम्ही बी." तो उठला नाही.

मागून टेप सुटल्याचा आवाज आला. बराच वेळ ती सुटतच राहिली. मग ओढल्याचा, मग पुन्हा सुटल्याचा. युसूफ नेहमीच्या मोजक्या आवाजात काहीतरी म्हणाला, ते घरात नीट ऐकू आलं नाही. पण पुष्पानं तोच आकडा मोठ्यानं परत उच्चारला, कुणाला तरी सांगावा तसा, अगदी झुलालच्या ओट्यापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात.

"एकवीस मीटर. खाले चिखल शे, पानी नही. लिखा, युसूफभाई."

बाहेर गल्लीत चाललेलं बोलणं थांबलं. चुडामण खाटेवर बसून होता. दार उघडंच होतं, आणि बाहेरच्या माणसांना तो तिथं बसलेला दिसत होता.